बोट थांबली की बोट लागते

निघण्याच्या दोन दिवस आधी

खोल समुद्रात मासेमारीला जायचं ठरलं की मंडळी रीळ, दोऱ्या, गळ आणि शिशाची वजनं मोजायला बसतात. पोटाचा विचार बोटीवर चढल्यावर होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. यावेळी निघायच्या आधीच सगळ्यांना समोर बसवून विचारून घेतलं, कोणाला काय लागतं.

आम्ही चौघं. मी, माझा सतरा वर्षांचा भाचा, एक जुना मित्र आणि त्याची बायको. मित्राचं उत्तर ठरलेलं, "मला? मला काही होत नाही." वहिनींनी सांगितलं की वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, आणि अधूनमधून अर्धशिशीही उठते. भाचा कधी समुद्रावर गेलेलाच नव्हता. पण गाडीत मोबाइलवर खेळत बसलं की मळमळतं, एवढं त्याला माहीत होतं.

ही चौकशी वाया जात नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त, अर्धशिशीवाल्यांना जास्त, आणि बायकांना पुरुषांपेक्षा थोडी जास्त. दोन वर्षांखालच्या बाळांना जवळजवळ लागतच नाही. नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास हा त्रास सगळ्यात जोरात असतो, पुढे वयाबरोबर ओसरत जातो. मात्र समुद्र पुरेसा खवळला तर आतला कान शाबूत असलेल्या कोणालाही बोट लागू शकते. त्यामुळे "मला काही होत नाही" हे वाक्य मी ऐकून सोडून देतो.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वहिनींना स्कोपोलामिनचा पॅच मिळाला. छोटीशी गोल चकती, कानामागच्या बिनकेसाच्या जागी चिकटवायची, तीही बोटीवर चढण्याच्या किमान ४ तास आधी. औषध कातडीतून हळूहळू झिरपतं आणि ३ दिवस पुरतं. काचबिंदू किंवा लघवी अडण्याची तक्रार असलेल्यांना हा पॅच सहसा देत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. पॅच कापून अर्धा लावायचा नाही आणि त्याच्या जोडीला झोप आणणारी दुसरी गोळी मनानेच घ्यायची नाही, हेही बजावलं.

बाकी तिघांना सिनॅरिझिन. निघण्याच्या २ तास आधी ३० मिलिग्रॅम, मग लागेल तसं दर ८ तासांनी १५. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन हीही याच कामाची औषधं, पण कोणाला कोणतं आणि किती हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरने ठरवावं. एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो. सर्दी-ॲलर्जीच्या ज्या नव्या गोळ्यांनी झोप येत नाही, त्यांचा बोट लागण्यावर उपयोग होत नाही. त्या मेंदूत फारशा शिरतच नाहीत, आणि हे दुखणं तर मेंदूतलं आहे. पोट बिचारं शेवटी हुकूम पाळतं.

गोळी पहिल्यांदाच बोटीवर घ्यायची नाही, हा माझा हट्ट. म्हणून तिघांनी सुट्टीच्या दिवशी घरीच एक-एक घेऊन पाहिली. भाचा दुपारभर पेंगला, मला फक्त तोंड कोरडं पडल्यासारखं वाटलं. मित्राने घेतली नाही, असं नंतर कळलं.

संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहिला. बहुतेक लोक लाटेची उंची बघतात आणि ॲप बंद करतात. मी त्याच्या शेजारचा आकडा आधी बघतो, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंत किती सेकंद जातात तो. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेकडो तरुणांना एका बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या गतीने वर-खाली हलवून पाहिली होती. सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तनं, म्हणजे साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा, या गतीला सर्वात जास्त लोक ओकले. त्याहून भराभर किंवा त्याहून सावकाश हललं तर त्रास कमी. म्हणून दीड मीटर उंचीची, पण बारा-तेरा सेकंदांनी येणारी लांब लाट चालते; ती बोटीला उचलते आणि अलगद खाली ठेवते. तेवढ्याच उंचीची पाच-सहा सेकंदांची लाट जीव काढते. पहिल्या दोन दिवसांचे आकडे बरे होते. तिसऱ्या दिवशी वारा वाढणार होता.

आदला दिवस

हा दिवस गाठी मारण्यात गेला, आणि या सबंध खटाटोपातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. गळ, फिरकी, वजन, पुढची जाड दोरी असे डझनभर संच घरीच बांधले, एकेक वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. भाचा वैतागला.

"मामा, बोटीवर दिवसभर बसायचंच आहे ना? तिथे बांधू की."

तिथे बांधायचं नाही, म्हणून तर इथे बांधायचं. कारण पुढे येईलच.

रात्री साधं आणि बेताचं जेवण. तेलकट नाही, दारू नाही. मित्राने "प्रवासाच्या नावाने एक" म्हणून बाटली काढली तेव्हा वहिनींनीच ती परत आत ठेवली. दारू आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर थेट परिणाम करते आणि शरीरातलं पाणीही कमी करते. अपुरी झोपही अशीच नडते, म्हणून सगळे नऊला आडवे. वहिनींनी झोपण्यापूर्वी पॅच लावला, हात साबणाने धुतले. पहाटेचे चार तास मोजत बसण्यापेक्षा हे सोपं.

पहिला दिवस

पहाटे उठून दोन बिस्किटं आणि अर्धं केळं, त्यावर गोळी. रिकाम्या पोटी गेलं की त्रास होत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण पूर्ण रिकामं पोटही तितकंच कुरकुरतं.

बंदरातून बाहेर पडल्यावर तीन तास बोट पळत होती. चौघेही मजेत. तोंडावर वारा, समोर क्षितिज, बोट लाटा कापत सरळ निघालेली. मित्र पुढच्या टोकाला उभा राहून फोटो काढत होता. "बघ, काही होतंय का?" त्याने दोनदा विचारलं. बोट हाकणारा तांडेल फक्त हसला. त्याने आयुष्यभर हेच पाहिलेलं असणार. पळत्या बोटीवर सगळेच खलाशी असतात.

मग ठरलेली जागा आली, तांडेलाने इंजिन मंद केलं, आणि बंद केलं.

मोठ्या जहाजाच्या प्रवासात आणि मासेमारीच्या बोटीत खरा फरक इथे पडतो. चालणारी बोट लाटेला तोंड देते. थांबलेली बोट वाऱ्याने हळूहळू फिरते आणि लाटेला कूस देऊन आडवी होते. मग ती पुढे जात नाही, नुसती या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. तोंडावरचा वारा पडतो. इंजिनाचा उरलासुरला धूर मागून येऊन बोटीवरच रेंगाळतो, त्यात आमिषाचा डबा उघडला जातो. आणि नेमक्या याच क्षणी सगळ्यांच्या माना खाली जातात, कारण गळाला आमिष लावायचं असतं.

भाच्याचं मी पाहत होतो. पिशवीतून बांधलेला संच काढला तिथवर ठीक होतं. पण त्याला अजून एक छोटा गळ जोडायची हौस आली. गळाच्या इवल्याशा नाकातून दोरी ओवायची म्हणून त्याने हात डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरले. दोरीचं टोक नाकापाशी येई आणि बोट कलली की बाजूला जाई. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळेला त्याने जांभई दिली. मग कपाळावर बारीक घाम आला, तोंडात पाणी सुटल्यासारखा तो गिळू लागला, आणि ओठांभोवतीचा रंग उतरला.

"जांभई आली?" तांडेलाने सुकाणूवरून विचारलं. "टाक ते खाली. इकडे ये, धर हे."

त्याने भाच्याला सुकाणूपाशी उभं केलं, इंजिन सुरू करून बोट हळू लाटेवर वळवली आणि सांगितलं, "तो समोरचा ढग दिसतो? त्याच्यावर नाळ ठेव." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. पंधरा मिनिटांत पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. गोळी दुसरी घेतली नाही, आलं चघळलं नाही, काही नाही.

यामागचं कारण सांगतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं फिरलं की सांगतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये चुन्याचे सूक्ष्म खडे असतात, त्यांना वर-खाली आणि पुढे-मागे होणं कळतं. हात जवळ धरून गाठ मारताना डोळ्यांना दिसतं ते स्थिर असतं, कारण हात, गळ आणि डोकं सगळं बोटीबरोबरच हलतंय. कान मात्र ओरडून सांगतो की आपण डोलतोय. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. क्षितिजाकडे पाहिलं की डोळ्यांची बातमीही कानासारखीच होते. सुकाणू हातात असलं तर आणखी बरं, कारण बोट आता कुठे कलणार याचा अंदाज मेंदूला आधीच येतो. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, ती याचमुळे.

क्षितिजाकडे पाहा म्हणजे लांब पाहा, एवढंच नाही. बोटीच्या कठड्यापलीकडच्या जवळच्या लाटांकडे पाहत राहिलं तर त्रास वाढतोच. पाण्यापासून तीन मीटर उंचीवर डोळे असले तर क्षितिज साधारण सहा किलोमीटरवर असतं. नजर तिथे ठेवायची, आणि हातांनी जे करता येईल ते न बघता करायचं. गळाला दोरी न ओवता आल्यावर भाच्याला त्या बांधलेल्या पिशव्यांचा अर्थ मी न सांगताच कळला.

मित्राची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. त्याने सकाळची गोळीही घेतली नव्हती. तो दोन तास टिकला, त्यातला एक तास गळ टाकून आणि दुसरा तास वाद घालून. मग एकदम गप्प झाला. गप्प झालेला माणूस हीच पहिली खूण, उलटी फार नंतर येते. त्याने खिशातून गोळी काढून गिळली आणि खाली केबिनमध्ये जाऊन पडतो म्हणाला. एक गोष्ट उशिराची, दुसरी साफ चुकीची. मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम थांबवतं, आत गेलेलं पुढे सरकत नाही, त्यामुळे गोळी आतड्यापर्यंत पोचून रक्तात जाण्याऐवजी तिथेच पडून राहते आणि पहिल्या उलटीबरोबर बाहेर येते. आणि केबिन म्हणजे बंद खोली, खिडकी नाही, डिझेलचा वास, डोळ्यांपुढे स्थिर भिंत. पाच मिनिटांत तो धावत वर आला आणि मागच्या कठड्यावर ओणवा झाला.

तांडेल त्याच्यावर ओरडला. आम्हाला वाटलं, बोट घाण होईल म्हणून. पण त्याने मित्राच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पकडून त्याला आत ओढलं, डेकवर बसवलं आणि पुढ्यात बादली ठेवली. "बादली धुता येते. माणूस पडला तर शोधावा लागतो." बोट लागलेला माणूस थकलेला, गुंगीतला आणि बेफिकीर झालेला असतो. कठड्यावरून पाण्यात जाण्याचा धोका त्यालाच सगळ्यात जास्त. हे मला कुठल्याच गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं दिसलेलं नाही.

त्यानंतर तांडेलाने समुद्री नांगर टाकला. हा तळाला लागत नाही. कापडाची मोठी छत्री असते, दोरीने बोटीच्या पुढच्या टोकाला बांधून पाण्यात सोडतात. ती पाण्याने फुगते आणि बोटीला धरून ठेवते. नाळ लाटेकडे वळली, कुशीवरचं लोळणं थांबलं, नुसतं पुढे-मागे डुलणं उरलं. बोट वाहत जाण्याचा वेगही कमी झाला, त्यामुळे गळ खोल सरळ उतरू लागले. बोट भाड्याने घेताना लोक शौचालय आहे का, फ्रिज आहे का विचारतात. ही छत्री आहे का, हे आधी विचारा.

मित्राला बोटीच्या मध्यावर, जिथे हालचाल सगळ्यात कमी असते तिथे, पाठीवर निजवलं, डोळे मिटून, डोकं टेकवून. उलटी थांबल्यावर दर काही मिनिटांनी जलसंजीवनीचा एकेक घोट. एकदम ग्लासभर दिलं की तेही परत येतं. लांब श्वास, सावकाश सोडायचा, हे त्याला वहिनी सांगत होत्या. श्वासावर लक्ष ठेवल्याने मळमळ उशिरा येते, हे तपासून पाहिलेलं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. वहिनी स्वतः ठणठणीत. त्यांनी तोवर पहिला कुपा, म्हणजे ट्यूना मासा, ओढला होता.

पहिली रात्र

झोपायच्या जागांवरून थोडी ओढाताण झाली. पुढच्या टोकाची खाट ऐसपैस होती, पण तिथे बोट सर्वात जास्त उसळते. ती रिकामी ठेवली आणि सगळे मध्यावर दाटीवाटीने झोपलो. मित्राने झोपण्यापूर्वी, पोट शांत असताना, गोळी घेतली. या वेळेला ती टिकली.

अंधारात गप्पा निघाल्या. भाच्याने विचारलं, "मामा, असं कोणी असतं का, ज्याला खरंच काही होत नाही?"

असतं. १८८२ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनेक बहिऱ्या माणसांना गोल फिरवून पाहिलं आणि त्यातल्या पुष्कळांना चक्करच येत नाही असं नोंदवलं. पुढे अंतराळ प्रवासाची तयारी सुरू झाली तेव्हा अमेरिकी नौदल आणि नासा यांनी गॅलॉडेट महाविद्यालयातल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. बहुतेकांचा आतला कान लहानपणी मेंदूज्वराने निकामी झालेला होता. एकदा त्यांना नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेलं. ही मंडळी पत्ते खेळत बसली आणि त्यांचं निरीक्षण करायला आलेले संशोधकच ओकायला लागले. प्रयोग गुंडाळून परत यावं लागलं.

मित्र अंधारातून म्हणाला, "मला त्यांचा पत्ता दे."

सवयीने जातं का, हाही प्रश्न निघाला. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं, मेंदू नव्या हालचालीची गणितं शिकतो. सगळ्यांचं नाही जात. चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३१ मध्ये बीगल जहाजावर चढला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. समुद्र खवळला की शेवटपर्यंत त्याला त्रास झाला. आडवं पडायचं आणि बेदाणे खायचे, हा त्याचा उपाय. इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन यालाही जोराचा वारा सुटला की बोट लागायची. तेव्हा मित्राने मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

दुसरा दिवस

मित्र सकाळी उठला, दोन बिस्किटं खाल्ली, ती राहिली. दुपारपर्यंत तो गळ टाकत होता. या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळे बरे होते. थोडं-थोडं खाणं, वरचेवर पाणी, डोक्यावर टोपी, आणि मासे साफ करायचं काम वाऱ्याच्या खालच्या बाजूला. वास वाऱ्याबरोबर बाहेर जातो, बसलेल्यांवरून जात नाही. आमिषाचा डबा लागेल तेवढाच उघडायचा आणि लगेच झाकायचा.

एक गंमत घडली, ती त्या वेळी गंमत वाटली नव्हती. घामाने पॅचची कड सुटली म्हणून वहिनींनी ती बोटाने दाबून बसवली आणि गळ उचलला. तासाभराने त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्याने अंधुक दिसतंय. पाहिलं तर उजवी बाहुली मोठी, डावी नेहमीसारखी. भाच्याचा चेहरा उतरला. डोक्याला मार लागलेल्याची खूण म्हणून त्याने शाळेत हेच शिकलेलं. वहिनी मात्र शांत. "मी हात धुतले नाहीत," त्या म्हणाल्या. पॅचला लागलेलं बोट डोळ्याला लागलं की औषध थेट बाहुलीवर काम करतं. त्यांनी हात साबणाने धुतले, दिवसभर गॉगल लावला आणि डाव्या डोळ्याच्या भरवशावर दोन मासे काढले. असं काही झालं आणि जोडीला डोळा दुखत, लाल होत असेल तर मात्र तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हा पॅच काढून थेट डॉक्टर गाठायचा.

मनगटाच्या पट्ट्यांवरून संध्याकाळी वाद झाला. भाच्याने कुठूनतरी त्या आणल्या होत्या. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन ताठ कंडरांच्या मधोमध गुंडी दाबून धरते अशा. त्यांच्यावरच्या तपासण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. आल्याचंही तसंच, काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत नाही. पण दोन्हींनी सहसा अपाय होत नाही. माझं मत, गोळीच्या जागी नको, गोळीच्या जोडीला खुशाल. भाच्याने पट्ट्या काढल्या नाहीत आणि आल्याचा डबाही संपवला.

तिसरा दिवस

पहाटे वारा फिरला. प्रवाह एका दिशेला आणि वारा त्याच्या उलट, त्यामुळे लाटा आखूड आणि जास्त उभ्या झाल्या. घड्याळ लावून मोजलं, पाच सेकंद, कधी सहा. कागदावर वाचलेला तो आकडा पायांखाली आला. तांडेलाने दोन तास पाहिलं आणि म्हणाला, "निघू या." कोणी हुज्जत घातली नाही.

आम्ही तिघांनी रात्रीच्या आणि पहाटेच्या गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. सोसाट्याचा पाऊस आला आणि क्षितिजच नाहीसं झालं, सगळीकडे एकच करडा रंग. अशा वेळी लांब बघायला काही उरत नाही. मग डोळे मिटायचे. काहीच न दिसणं हे खोटं दिसण्यापेक्षा बरं. मध्यावर पाठ टेकवून, डोकं खांबाला लावून, अंगावर उबदार काहीतरी घेऊन आम्ही बसलो. भाचा अधूनमधून गाणं म्हणत होता. गाण्याला श्वास लागतो, म्हणून मी त्याला थांबवलं नाही.

जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या सैनिकांना अशाच पाण्यातून सपाट बुडाच्या बोटींत नेलं होतं. प्रत्येकाला बोट लागण्याच्या गोळ्या आणि उलटीच्या पिशव्या दिल्या होत्या. खराब हवेमुळे चढाई ५ वरून ६ जूनला ढकलली होती, तरी समुद्र शांत नव्हताच. कित्येक जण किनाऱ्याला लागले ते आधीच गळून गेलेले. मी हे सांगत असताना एक लाट नाळेवरून आत आली आणि गोष्ट तिथेच राहिली.

भाच्याला एकदा उलटी झाली. बादलीत, बसल्या जागी, मित्राने त्याचं जॅकेट धरलेलं. मग घोट-घोट पाणी. मित्राला काही झालं नाही, आणि त्याने हे आम्हाला अनेकदा ऐकवलं.

वाटेत मी तांडेलाला विचारलं, बोट लागली म्हणून परत फिरायचं कधी? त्याचा हिशेब साधा होता. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नाही, दिवसभर लघवी झालेली नाही, हाक मारली की माणूस धड उत्तर देत नाही, उलटीत रक्त दिसतंय, यातलं एक जरी असलं तर मासे गेले खड्ड्यात. मधुमेहाचा किंवा हृदयाचा रोगी असेल तर एवढीही वाट पाहायची नाही, कारण त्याची रोजची औषधंही उलटीतून बाहेर पडत असतात.

जमिनीवर

धक्क्यावर उतरलो आणि भाचा अडखळला. धक्का हलत होता म्हणे. मेंदूने तीन दिवसांत समुद्राची चाल शिकून घेतली, आता ती विसरायलाही वेळ लागतो. अंघोळ करताना डोळे मिटून डोक्यावर पाणी घेतलं तर हे जास्त जाणवतं, म्हणून एक हात भिंतीला ठेवावा. एका-दोन दिवसांत जातं. क्वचित कोणाचं महिना उलटला तरी डोलणं थांबत नाही. ते वेगळं दुखणं आहे आणि त्यासाठी तोल-चक्करेचं पाहणाऱ्या डॉक्टरकडे जावं लागतं.

गाडी चालवायचा प्रश्न होता. तिघांच्या अंगात झोप आणणारी गोळी आणि वहिनींच्या डोळ्यात अजून अंधुक, तेव्हा आमच्यातलं कोणीच चालवणार नव्हतं. आधीच ठरवून ठेवलेला चालक येऊन थांबला होता. वहिनींनी पॅच काढला, चिकट बाजू आत घेऊन दुमडला, कचऱ्यात टाकला आणि या वेळेला हात दोनदा धुतले. भाच्याने पुढची सीट मागितली. मित्र मागे बसला आणि पुढच्या खेपेची गोळी किती वाजता घ्यायची, हे मला विचारू लागला.